वीतभर आखूड पडदा

देवापासून कुणालाही लपता येत नाही, हे सत्य या घराण्यानं दोन पिढ्या निष्ठेनं सांभाळलं. इतर घराण्यांनी ते शास्त्र वाचून सांभाळलं असेल. या घराण्याचा पडद्यांचा धंदा होता, आणि त्यांचा प्रत्येक पडदा जमिनीच्या वीतभर वर संपायचा.

वीतभराचा नियम आजोबांचा. गिऱ्हाइकानं थेट फरशीपर्यंतचं माप दिलं तरी दुकानातून पडदा निघायचा तो वीतभर आखूडच. कुणी तक्रार केली तर आजोबा चष्मा कपाळावर चढवून शांतपणे विचारायचे, "तुम्हाला कुणापासून लपायचंय?" गिऱ्हाईक वरमायचं. मग ते सांगायचे की पहिल्या माणसानं बागेत झाडांमागे लपून पाहिलं, त्याचं पुढं काय झालं ते जगाला ठाऊक आहे. आणि झाड तर चांगलं जमिनीपर्यंत असतं. एवढं ऐकून घेतल्यावर पैसे परत मागण्याइतका निगरगट्ट माणूस विरळा. ही गोष्ट आजोबांच्या अंत्यविधीत सांगितली गेली, नंतर चर्चच्या वर्धापनदिनात सांगितली गेली, आणि शेवटी धाकट्या मुलानं तिचं सार दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं: 'त्याच्यापुढे सारे उघडे.' पडद्यांच्या दुकानाला ही जाहिरात मारक की तारक, यावर घरात अजून एकमत नव्हतं.

त्या रविवारी थोरलीला, म्हणजे आजोबांच्या थोरल्या मुलाच्या बायकोला, जाऊन वर्ष झालं होतं. घर दुकानाच्या वर, आणि जिना दुकानातूनच चढायचा, त्यामुळे सुखदुःखाला येणारा प्रत्येक माणूस आधी कापडाच्या ताग्यांमधून वाट काढत यायचा. वर दिवाणखान्यात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. भिंतीशी आजोबांची हातांची खुर्ची. घराची रीत अशी की अशा दिवशी घरातल्या सर्वांत मोठ्यानं त्या खुर्चीत बसायचं आणि प्रार्थना करायची. पुस्तकातली नाही, स्वतःच्या शब्दांत. पाळक आले असले तरी त्यांनी फक्त 'आमेन' म्हणायचं. सर्वांत मोठी खरं तर आत्या होती, थोरल्या-धाकट्याची मोठी बहीण, पण या कामासाठी वय फक्त पुरुषांचं मोजलं जायचं. त्यामुळे खुर्ची थोरल्याची.

आणि थोरल्यानं वर्षभरात देवाशी एक शब्द काढला नव्हता.

हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण एका घरात राहून अशी गोष्ट लपत नाही. जेवणाआधी आभार मानायची वेळ झाली की थोरला हात धुवायला जायचा, आणि आमेन झाल्यावर परत यायचा. घरात त्याच्याइतके स्वच्छ हात कुणाचेच नव्हते. रविवारी त्याचा गुडघा दुखायचा. सोमवारी तोच गुडघा शिडीवर चढून पडद्याचे गज ठोकायचा. धाकटा चर्चमध्ये विचारणाऱ्यांना सांगायचा, "दादाला जिना उतरवत नाही." जिना उतरून थोरला रोज दुकानात जात होता, पण ते विचारणारेही कधी कापड घ्यायला दुकानात यायचे आणि त्याला शिडीवर पाहूनही गुडघ्याची चौकशी करायचे. माणसं एकमेकांना सांभाळून घेतात ती अशी.

आज मात्र हात धुऊन भागणार नव्हतं. पाळक यायच्या थोडं आधी थोरला उठला, एक स्टूल कमी पडतंय म्हणाला आणि खाली गेला. स्टूल कमी पडत नव्हतं.

दुकान बंद होतं, शटर अर्धं खाली. मोजायच्या टेबलाशी तो नुसताच उभा राहिला. एखादा तागा उघडून गुंडाळला तरी वेळ जाईल, असा त्याचा हिशेब होता. तेवढ्यात शटरखालून कुणीतरी वाकून आत येताना दिसलं: आधी काळी पँट, मग छत्री, मग पाळकांचं टक्कल. थोरल्याला पुढं काय झालं ते नंतरही नीट सांगता आलं नाही. शो-केसजवळ नमुन्याचे पडदे टांगलेले होते. त्यातल्या बाटलीहिरव्या जाड सुती पडद्यामागे तो गेला आणि श्वास धरून उभा राहिला.

ही चूक करायला पडदेवालाच हवा. दुसरा कुणीही लपण्याआधी खाली पाहून घेतो. थोरल्यानं उभ्या जन्मात पडदा पाहिला तो वरून: चुणी सारखी पडली का, कडी नीट बसली का. खालची बाजू त्याच्या खात्यात नव्हती. खालची पट्टी नेहमी बायको घालायची.

आतून त्याला आता तीच पट्टी दिसत होती. हा तिनं पट्टी घातलेला शेवटचा पडदा. त्यावर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी त्यानंच लावली होती, आणि धाकट्यानं ती दोनदा काढली होती. टाके बारीक, सारखे, कुठे घाई नाही. इस्पितळात पडून राहायचे दिवस सुरू व्हायच्या आधीचे टाके. त्या दिवसांत थोरल्यानं खुर्चीत बसून करायचा तशी व्यवस्थित प्रार्थना केली होती: मोठ्या आवाजात नाही, पण मुद्देसूद. स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आदरानं बोलला होता. आणि तो चहा आणायला खाली गेला असताना ती गेली.

आता तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची त्याला भीती होती. ते काही खुर्चीत बसून म्हणण्यासारखं नव्हतं. म्हणून तो गप्प होता. एका परीनं तो देवाचीच अब्रू राखत होता.

पाळकांना बूट दिसले. तपकिरी, पॉलिश केलेले, एका बुटाला काळी लेस. आतल्या माणसाची टाच भिंतीला आणि चवडे बाहेर, म्हणजे माणूस त्यांच्याकडेच तोंड करून उभा होता. पाळकांना या गावात येऊन फार दिवस झाले नव्हते, पण लपलेली माणसं त्यांना नवीन नव्हती. एकजण त्यांना पाहून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे गेला होता. एक बाई दर भेटीला झोपलेली असायची. लोक पाळकाला चुकवतात, ते काही पाळकाला चुकवत नसतात, हे ते हळूहळू शिकले होते, आणि त्यामुळे त्यांना राग येईनासा झाला होता. त्यांनी बुटांपुढे किंचित मान लववली आणि जिना चढले.

वर आल्यावर त्यांनी थोरल्याची चौकशी केली नाही. हे आत्यानं टिपलं. आत्याच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. तरुणपणी ती दुकानातली उधारी तोंडपाठ ठेवायची आणि म्हातारपणी नातेवाईक.

धाकट्यानं घसा साफ करून जाहीर केलं की दादाची तब्येत ठीक दिसत नाही, आणि पाळकसाहेबांना तिष्ठत ठेवणं बरं नाही, तेव्हा प्रार्थना तो स्वतः करील. तयारी नाही, पण देव शब्द देईल. शब्द देवानं पंधरवड्यापूर्वीच दिले होते. धाकटा ती प्रार्थना रोज आंघोळ करताना म्हणत होता, आणि त्याच्या बायकोला ती दाराबाहेरून ऐकून इतकी पाठ झाली होती की अडलाच तर पुढचं वाक्य पुरवायला ती शेजारी बसणार होती. तसं ठरलंच होतं.

धाकटा खुर्चीकडे निघाला. आत्या त्याच्या आधी उठली आणि खुर्चीत बसली.

"अक्का, ती खुर्ची..."

"माझा गुडघा दुखतोय," आत्या म्हणाली. "रविवार आहे."

यावर कुणी हसलं नाही, फक्त पाळकांनी खिडकीबाहेर पाहिलं. धाकट्यानं मग समजुतीचा सूर लावला. घराण्याची रीत मोडता कामा नये, वहिनीच्या दिवशी तरी नको, असं तो बराच वेळ सांगत राहिला. आत्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीचे हात आणखी घट्ट धरले. तिचं गणित सरळ होतं. धाकटा आज बसला की उद्यापासून ती त्याची जागा. थोरल्याला मग हात धुवायलाही उठावं लागणार नाही. तो कायमचाच बाहेर राहील, आणि सगळे म्हणतील, सुटला बिचारा.

थोरल्याची मुलगीही तिथंच होती. ती लांबच्या शहरात नर्स होती, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायची होती. लहानपणी रोज झोपताना तिनं बापाची प्रार्थना ऐकली होती; शब्द आठवत नव्हते, आवाज आठवत होता. वर्षभर फोनवर तो तिच्याशी हवेबद्दल बोलत आला होता. त्याचं आणि देवाचं काय चाललंय ते तिला फारसं विचारायचं नव्हतं. हा माणूस सगळ्यांशीच बोलायचा थांबलाय की एकाशीच, एवढंच तिला जाण्याआधी कळायला हवं होतं.

"स्टूल मीच घेऊन येते," धाकट्याची बायको, धाकटी, म्हणाली, कारण कुणीतरी उठल्याशिवाय ती खोली पुढं सरकणार नव्हती.

ती खाली गेली आणि स्टूल घेऊन वर आली. स्टूल मधोमध ठेवलं. त्यावर कुणी बसलं नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अहो, प्रार्थना तुम्ही नका करू."

धाकटा बघतच राहिला. पंधरवडाभर दाराबाहेर उभं राहून 'वा' म्हणणारी हीच बाई.

"का?"

"बूट," ती म्हणाली. "खाली भाऊजींचे बूट आहेत."

"बूट असतील. त्यात काय?"

"भाऊजी त्यात आहेत."

मुलगी आधीच जिन्यावर होती.

ती हिरव्या पडद्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. ड्यूटीवर असताना ती अशीच पलंगाशी खाली बसायची. उभ्या माणसाशी आजारी माणूस खरं बोलत नाही, हा तिचा अनुभव होता. थोडा वेळ तिनं बुटांकडे पाहिलं.

"पप्पा, एक लेस काळी आहे."

पडदा हलला नाही.

"दिसतंय?" आतून आवाज आला.

"वीतभर."

माणसाला आपल्या धंद्याचा नियम असा एकदम आठवला की त्याला वेळ लागतो.

"पाळकांना दिसलं?"

"त्यांनी तुमची चौकशीच केली नाही. म्हणजे दिसलं असणार."

आता बाहेर येणं जास्तच अवघड झालं होतं. लपलेला माणूस बाहेर येऊ शकतो. लपलेला दिसलेला माणूस कसा येणार, याची रीत कुणी घालून दिलेली नाही. तेव्हा थोरला तिथंच उभा राहिला आणि पडद्याला सांगू लागला. त्यानं सगळं सांगितलं: गुडघा दुखत नाही, हात आधीच स्वच्छ असतात, आणि इस्पितळात त्यानं किती सभ्यपणे मागितलं होतं. अधूनमधून त्याचं नाक वाहत होतं.

"मी त्याच्याशी अबोला धरलाय," शेवटी तो म्हणाला. "खुर्चीत बसून गोड बोलायचं म्हणजे खोटं बोलायचं. आणि खरं बोलायचं तर घरच्यांसमोर नको. मग लपणंच बरं."

"अबोला कुणाशी धरतात रे?"

हा आवाज जिन्यावरून आला. आत्या कठड्याला धरून मधल्या पायरीवर उभी होती. म्हणजे वर खुर्ची रिकामी होती, आणि धाकटा त्यात बसलेला नव्हता. तो आत्याच्या मागच्या पायरीवर होता, त्याच्या मागं धाकटी, आणि सर्वांत वर पाळक.

आत्याच उतरत उतरत बोलत राहिली, कारण तिला एका जागी उभं राहून बोलता यायचं नाही.

"रस्त्यानं जाणाऱ्या परक्याशी कोणी अबोला धरतं का? घरातल्याच माणसाशी धरतात. तुझ्या बायकोनं आणि मी शिलाई मशीनवरून भांडून आख्खं तारुण्य एका स्वयंपाकघरात न बोलता काढलं. ठाऊक आहे ना? एक शब्द नाही. आणि माझ्या चहात साखर किती, हे या घरात फक्त तिला ठाऊक होतं. मी आजारी पडले की न बोलता कप आपटून जायची. त्यात साखर बरोबर असायची." ती शेवटच्या पायरीवर थांबली. "अबोल्यात माणूस दुसऱ्याची चाहूल जितकी ठेवतो, तितकी प्रेमातसुद्धा ठेवत नाही. वर्षभर तू आमेनची वेळ चुकवलीस. एकदाही चुकून आधी आला नाहीस. इतकं लक्ष ठेवतोस, आणि म्हणे लपलोय."

"मग काय करतोय मी?"

"उभा आहेस," आत्या म्हणाली. "त्याच्यासमोर. रुसून."

मग धाकटा वळला, सगळ्यांना बाजूला सारून वर गेला आणि आजोबांची खुर्ची घेऊन खाली आला. खुर्ची जड होती, जिना अरुंद, आणि तिचा एक पाय कठड्याला घासत आला. त्यानं ती पडद्यासमोर ठेवली. दुसरं कुणी असतं तर त्यात बसलं असतं. धाकटाही क्षणभर रेंगाळला. मग म्हणाला, "दादा, तुझी खुर्ची आणलीय. बस नाहीतर नको बसू. वजन फार आहे, मी परत नेणार नाही." आणि बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. त्याची प्रार्थना तिथंच संपली, आणि ती त्याच्या तयार केलेल्या प्रार्थनेपेक्षा बरी होती, असं धाकटीला वाटलं. तिनं त्याच्या बाहीवरची धूळ झटकली.

पाळकांकडे सगळ्यांनी पाहिलं. धर्माचं काम असलं की लोक शेवटी पगारी माणसाकडे पाहतात. ते म्हणाले की त्यांना इथं फक्त आमेनचं काम आहे. पण बागेत लपलेल्या त्या पहिल्या माणसाला देवानं हाक मारली, 'कुठं आहेस?', तो प्रश्न त्यांना तरुणपणापासून छळत आलाय. विचारणाऱ्याला झाड ठाऊक होतं, झाडामागचा माणूस ठाऊक होता. मग विचारलं कशाला? त्यांना आता वाटतं, पकडायचं असतं तर विचारलं नसतं. त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, एवढ्यासाठीच विचारलं असेल. एवढं बोलून ते गप्प झाले. पाळकाच्या मानानं हे फारच थोडक्यात होतं.

पडदा एकदा आत ओढला गेला, जसा माणूस श्वास घेतो.

"देवा," थोरला म्हणाला. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. मुलीनं डोळे मिटले. "मी इथं आहे. तुला दिसतंयच. यांनाही दिसतंय. तरी सांगतो." तो थांबला. "ती पाहिजे होती मला. तू ऐकलं नाहीस, की ऐकून दिली नाहीस, मला कळत नाही. माझा राग गेलेला नाही. जाईल असं खोटं सांगत नाही. तिची तिकडं काळजी घे. तिला चहा गरम लागतो. आणि उद्या पोरगी जातेय, तिला सांभाळ. बाकी नंतर बोलू."

"नंतर बोलू म्हणजे आमेन," आत्यानं सांगितलं.

"आमेन," पाळक म्हणाले. धाकट्यानं ते सर्वांत मोठ्यानं म्हटलं. त्याच्या वाट्याला आता तेवढंच उरलं होतं.

थोरला बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि केसांना कापडाचे धागे लागलेले होते. तो खुर्चीत बसला. मुलगी त्याच्या पायाशी बसली आणि न विचारता बुटाची काळी लेस सोडायला लागली. हे करताना तिनं विचारलं की तुमच्याकडे हवा कशी आहे, पप्पा. तो हसला, आणि मग पहिल्यांदाच हवेबद्दल काही बोलला नाही. तिच्या इस्पितळात रात्री रुग्णांपाशी कोण बसतं, असं त्यानं विचारलं. ती सांगत राहिली. तो ऐकत राहिला.

धाकटीनं चहा खालीच आणला. मोजायच्या टेबलावर कप मांडले गेले आणि घर थोडं सैल झालं. धाकट्याला मात्र आता राहवेना. त्यानं कप खाली ठेवला आणि पाळकांना म्हणाला की आजोबांची दूरदृष्टी पाहा. पडदा फरशीपर्यंत असता तर आज काय झालं असतं? दादा आतच राहिला असता, आणि कुणाला पत्ता लागला नसता. त्या माणसानं पन्नास वर्षांपूर्वी वीतभर जागा सोडून ठेवली ती आजच्या दिवसासाठी. देवाचाच संकेत. पाळकांनाही ते पटल्यासारखं दिसलं. पुढच्या रविवारी प्रवचनात हे सांगितलं तर चालेल का, घराण्याचं नाव न घेता, असं त्यांनी विचारलं. धाकट्यानं नाव घेतलं तरी चालेल म्हणून सांगितलं. दुकानाचं घ्यावं.

आत्या चहा फुंकत होती.

"बाबा कापड भिजवून घ्यायचे नाहीत," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नवीन होते धंद्यात. कोरं सुती कापड तसंच कापलं. पहिल्या धुण्यात पडदे आटले, गिऱ्हाइकं भांडायला आली. तेव्हा त्यांना ते 'कुणापासून लपायचंय' सुचलं. एकाला सांगितलं म्हणून सगळ्यांनाच सांगावं लागलं, आणि मग सगळ्यांनाच आखूड द्यावे लागले. घरचे पडदे मीच धुवायचे. मला ठाऊक नसणार तर कुणाला?"

पाळकांनी विचार केला आणि प्रवचनात ते सांगायचं की नाही, हे नंतर ठरवू म्हणाले. धाकट्यानं पाटीबद्दल एक शब्द काढला नाही.

हिरवा पडदा दुसऱ्या दिवशी धुवायला काढावा लागला, कारण थोरल्यानं त्याला नाक पुसलं होतं. त्याचंही कापड धाकट्यानं भिजवून घेतलेलं नव्हतं. तो आणखी चार बोटं आटला.